दहावी-बारावीचे गुण, पुरवणी परीक्षा आणि पुनर्मूल्यांकन : पहिल्यांदाच बोर्डाला सामोऱ्या जाणाऱ्या घरांसाठी

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि दहावीची वर्गशिक्षिका म्हणून आवेदनपत्रे भरून घेण्यापासून गुणपत्रके वाटण्यापर्यंतची बोर्डाची कामे बरीच वर्षे करत आले आहे. या काळात एक गोष्ट सातत्याने जाणवली, ती अशी की महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नियमांत मुलांसाठी ठेवलेल्या संधी पालकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत. मात्र त्यांतल्या प्रत्येक संधीला मुदत आहे, आणि निकाल लागल्यावर माहिती गोळा करायला बसले की त्या मुदतीतले निम्मे दिवस चौकशीतच जातात. म्हणून ही माहिती मूल नववीतून दहावीत जाते त्याच वेळी घरात असावी, असे मला मनापासून वाटते.

पहिले काम परीक्षेच्या कितीतरी आधी येते. शाळा विद्यार्थ्याचे आवेदनपत्र ऑनलाइन भरते आणि त्यानंतर मंडळाकडून आलेली प्रीलिस्ट तपासण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती देते. बहुतेक घरांत हा कागद सकाळच्या घाईत, न वाचता सही करून परत येतो. प्रत्यक्षात त्यावर आडनावापासून सुरू होणारे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, माध्यम आणि विषयांचे संकेतांक असतात, आणि पुढे प्रवेशपत्रावर व गुणपत्रकावर हेच जसेच्या तसे उतरते. संपूर्ण संस्कृत घेतलेल्या मुलीच्या नावापुढे संयुक्त अभ्यासक्रमाचा (म्हणजे दोन भाषा मिळून एक विषय असलेल्या अभ्यासक्रमाचा) संकेतांक पडला तर ती चूक याच टप्प्यावर पाच मिनिटांत दुरुस्त होते; परीक्षेच्या तोंडावर लक्षात आली तर मुख्याध्यापकांना विभागीय मंडळापर्यंत धावपळ करावी लागते. मुलाला शेजारी बसवून, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि जन्मदाखला समोर ठेवून हा कागद वाचावा.

आता गुणांविषयी. दहावीला सहा विषयांचे मिळून ६०० गुण असतात. भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापन असते. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत ४० गुणांच्या दोन उत्तरपत्रिका आणि २० गुणांचे अंतर्गत किंवा प्रात्यक्षिक काम असते. टक्केवारी मात्र सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढली जाते. एखाद्या मुलाला ९२, ८८, ८५, ८१, ७९ आणि ३६ असे गुण मिळाले तर पहिल्या पाच विषयांची बेरीज ४२५ होते आणि त्याची टक्केवारी ८५ ठरते. याच ठिकाणी फार मोठा गैरसमज होतो. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, तेव्हा एक विषय सोडून दिला तरी चालेल, असे काही मुले आणि काही पालकही धरून चालतात. सहावा विषय टक्केवारीत धरला जात नाही, पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हावेच लागते. भाषांच्या गटासाठी आणि गणित-विज्ञानासाठी संयुक्त उत्तीर्णतेची, म्हणजे त्या गटातल्या विषयांचे गुण एकत्र धरून उत्तीर्ण ठरवण्याची, सोय आहे, तरी तिच्या भरवशावर अभ्यासाचे नियोजन करू नये. ती काठावरच्या मुलाला आधार देण्यासाठी आहे. श्रेणी सांगायच्या तर ७५ टक्के व त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी अशी रचना आहे.

बारावीला पाच विषयांची ही सवलत नाही. तेथे सर्व विषय धरून टक्केवारी निघते. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयांत ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असल्यामुळे जर्नल (प्रयोगवही) वेळेवर पूर्ण करून तपासून घेणे याला फार महत्त्व आहे. प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी उरकतात. त्या दिवशी मूल तापाने फणफणले असेल तर त्याला तसेच पाठवण्याची गरज नाही. योग्य कारणाने अनुपस्थित राहिलेल्यांसाठी ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षेची सोय असते. त्यासाठी त्याच दिवशी महाविद्यालयाला कळवावे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून अर्ज द्यावा. चार दिवसांनी सांगू, असे म्हणत राहिल्यास ती तारीखही निघून जाते.

अकरावीकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि त्याची किंमत मुले मार्चमध्ये मोजतात. अकरावीचा निकाल केवळ वार्षिक परीक्षेवर लागत नाही. पहिली घटक चाचणी २५ गुणांची, प्रथम सत्र परीक्षा ५० ची, दुसरी चाचणी २५ ची आणि वार्षिक परीक्षा अंतर्गत गुणांसह १०० ची, अशा २०० गुणांची सरासरी काढून १०० पैकी गुण दिले जातात. एखाद्या विद्यार्थ्याला चाचण्यांत १२ आणि १०, सत्रात २० आणि वार्षिक परीक्षेत २८ गुण पडले तर बेरीज ७० होते, सरासरी ३५ येते आणि तो उत्तीर्ण होतो. चाचण्यांना दांडी मारणाऱ्याला तोच निकाल मिळवण्यासाठी वार्षिक परीक्षेत ५० गुण आणावे लागतात. क्लासमधला सीईटीचा अभ्यास कितीही जोरात असला तरी कनिष्ठ महाविद्यालयातल्या चाचण्या चुकवू नयेत.

निकालानंतरची पहिली वाट गुणांविषयी शंका असणाऱ्यांसाठी आहे. येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. गुणपडताळणीत उत्तरे पुन्हा तपासली जात नाहीत. सर्व उत्तरांना गुण दिले आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते. छायाप्रत म्हणजे आपल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरांची नव्याने तपासणी, आणि ते मागायचे असेल तर आधी छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. गुणपडताळणी आणि छायाप्रतीसाठी ऑनलाइन निकालानंतर साधारण पंधरा दिवसांची मुदत असते, तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करावा लागतो. शुल्क प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र भरायचे असते.

छायाप्रत हातात आल्यावर ती कशी वाचायची, हे थोडे सविस्तर सांगते. आधी पाने आणि पुरवण्या मोजाव्यात. मुलाने दोन पुरवण्या जोडल्या असतील तर दोन्ही प्रतीत असायला हव्यात. मग मुखपृष्ठावरच्या तक्त्यातले प्रश्नवार गुण आतल्या गुणांशी एकेक करून ताडून पाहावेत. तिसऱ्या फेरीत एखादे उत्तर न तपासता राहिले आहे का, हे शोधावे. कच्च्या कामाच्या समजुतीने सुटलेले गणित किंवा पान उलटल्यावर पुढे चालू राहिलेले उत्तर अशा जागा नेमक्या निसटतात. एवढे झाल्यावरच उत्तरांच्या दर्जाकडे वळावे, आणि तेही विषयशिक्षकांना दाखवून. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचे भूमितीचे एक पूर्ण उत्तर असेच सुटलेले आढळले आणि अर्ज करणे निर्विवाद योग्य ठरले. उलट, निबंधाला दोन गुण अधिक मिळायला हवे होते एवढ्याच भावनेवर अर्ज करणाऱ्यांना मी थांबवते, कारण पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच असे नाही आणि त्या दिवसांत मुलाचे लक्ष अकरावीच्या प्रवेशाकडे असणे अधिक गरजेचे असते.

दुसरी वाट पुरवणी परीक्षेची. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे आणि मुलाचे वर्ष बहुधा हातचे जाई. २०१५ पासून दहावीसाठी ती निकालानंतर लगेच घेतली जाऊ लागली आणि नंतर बारावीलाही तीच सोय मिळाली. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी, दहावीचा १३ मे रोजी लागला आणि दोन्ही पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाल्या. म्हणजे मधे जेमतेम सहा-सात आठवडे मिळाले, आणि अर्ज भरण्याची मुदत त्यातच होती. हा अर्ज मूळ शाळेमार्फतच भरायचा असतो. उत्तीर्ण झालेल्या विषयांना सूट मिळते, तेव्हा मुलाला फक्त राहिलेल्या विषयांची तयारी करायची असते. निकालाच्या धक्क्यात पहिले दोन आठवडे रडण्यात आणि बोलणी खाण्यात गेले की हातात एक महिना उरतो. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या आठवड्यात नातेवाइकांचे फोन घेणे बंद ठेवावे, शाळेत येऊन अर्ज भरावा आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला विषयशिक्षकांकडे बसवावे. एक-दोन विषय राहिलेल्या बहुतेक मुलांना नेमके एखाद-दोन प्रकरणांनी दगा दिलेला असतो, आणि तेवढे भरून काढायला महिनाभर पुरतो.

दहावीत एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची, सवलत घेऊन अकरावीत तात्पुरता प्रवेश घेता येतो. ही सवलत चांगली आहे, पण ती घेताना पुढचा हिशेब स्वच्छ असावा. राहिलेले विषय सुटल्याशिवाय बारावीची वाट मोकळी होत नाही, आणि अकरावीचे नवे विषय, नवे मित्र, नवे महाविद्यालय यांत जुनी बीजगणिताची वही कपाटातच राहते. म्हणून एटीकेटीच्या मुलाने पुरवणी परीक्षा टाळून मार्चवर विसंबू नये.

सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही गुणांवर समाधान नसेल तर पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवण्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. तिच्यासाठी लगतच्या ठरावीक परीक्षाच उपलब्ध असतात आणि त्या कोणत्या, हे मंडळ निकालाच्या प्रकटनातच नमूद करते. हिचा खरा उपयोग बारावीनंतर दिसतो. अभियांत्रिकीसाठी सीईटीचे पर्सेंटाइल उत्तम असूनही पात्रतेसाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. त्या रेषेखाली थोडक्यात अडकलेल्या मुलाने ही संधी अवश्य घ्यावी. आधीच ८८ टक्के असलेल्या मुलाला ९० साठी पुन्हा बसवणे मला मान्य नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे आणि क्रीडाप्रावीण्याचे सवलतीचे गुण शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव गेला तरच मिळतात, हे लक्षात ठेवावे. दिव्यांग आणि अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यांच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळायला काही महिने लागू शकतात, त्यामुळे नववीतच हालचाल करावी.

आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली आहे, त्यांच्यासाठी १७ नंबरचा अर्ज आहे. घरकामाला जाणाऱ्या आया, दुकानात लागलेली मुले, लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुली असे कितीतरी जण खासगी विद्यार्थी म्हणून नोंदणी करून नियमित मुलांच्याच प्रश्नपत्रिका सोडवतात. या नोंदणीच्या तारखा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीच्या काही महिन्यांत येतात, म्हणून फेब्रुवारीत चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. अशी व्यक्ती ओळखीत असेल तर तिला जूनमध्येच शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन जवळच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात पाठवावे.