समुद्राजवळच्या घराचं बाहेरचं प्लास्टर कसं सांभाळायचं

समुद्रालगतच्या घराच्या बाहेरच्या प्लास्टरला पोपडे सुटले की सगळे पावसाला बोल लावतात, पण निम्मं काम मिठाने आधीच केलेलं असतं. वाऱ्याबरोबर खारे तुषार येऊन भिंतीवर बसतात, भिंत ओली झाली की ते मीठ विरघळून बारीक छिद्रांतून आत जातं, मग ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ आतच राहतं, त्याचे खडे बनतात आणि वाढताना ते प्लास्टरला आतून ढकलतात. भिंत जितक्या वेळा भिजणार-सुकणार तितक्या वेळा हेच. शिवाय हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढतं, म्हणून कधीकधी पाऊस नसतानाही भिंत हाताला ओलसर लागते आणि आपण उगाच पाईपची गळती शोधत बसतो.

त्यामुळे पहिलं काम रंगाचं नाही, धुण्याचं. गोड्या पाण्याने, साध्या पाईपने, वर्षातून निदान दोनदा, आणि समुद्राच्या तोंडावरची भिंत असेल तर त्याहून जास्त वेळा. बोअरचं पाणी खारट असेल तर ते वापरू नका, नाहीतर धुतलं काय न धुतलं काय सारखंच. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छज्जाखालची, बाल्कनीच्या पोटाची आणि खिडकीच्या वरची जागा. तिथे पाऊस पोचत नाही म्हणून ती सुरक्षित वाटते, पण पाऊस पोचत नाही म्हणजेच तिथलं मीठ कधी धुतलंही जात नाही, आणि पोपडे बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. पाईप आधी तिकडे वळवा.

प्रेशर वॉशरचा मोह होतो, समजू शकतो, पण प्रेशर कमी ठेवा, रुंद फवाऱ्याचं नोझल लावा, दोन-तीन फूट लांब उभं राहा आणि खालून वर, भेगांच्या किंवा खिडकीच्या फटींच्या दिशेने कधीच मारू नका, कारण जे पाणी बाहेर ठेवायचंय तेच तुम्ही जोर लावून आत घालताय. हिरवं-काळं शेवाळ असेल तर पातळ केलेलं ब्लीच लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मऊ ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. ब्लीच अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो. झाडं आधी पाण्याने भिजवून घ्या आणि ग्रिल-बिजागऱ्यांवरचं ब्लीच लगेच धुवा, ते लोखंड खातं.

लोणा म्हणजे ती पांढरी भुकटी, तिचं मात्र उलटं आहे. आधी कोरड्या ब्रशने झाडून खाली पडलेली भुकटी गोळा करून फेकायची. थेट पाणी मारलं तर ती विरघळून परत भिंतीत जाते. अ‍ॅसिडने पटकन निघते म्हणून लोक अ‍ॅसिड मारतात, पण अ‍ॅसिड सिमेंटलाही खातं, मी तरी करणार नाही. आणि लोणा परत परत त्याच जागी येत असेल तर तिथे पाणी कुठून तरी येतंच आहे, ते सापडेपर्यंत झाडत बसण्याला अर्थ नाही.

पाणी शोधायचं तर वरून सुरुवात करा. पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा, माथा, गच्चीच्या पाण्याचे पाईप, छज्जाच्या पुढच्या कडेखालची खाच (ती सिमेंटने बुजलेली असेल तर पाणी पोटाखालून भिंतीकडे धावतं), खिडकीची चौकट, वायरी आणि एसीचे पाईप जिथून आत जातात ती भोकं. मग खाली जोत्यापाशी या. माती किंवा कुंड्या प्लास्टरला टेकलेल्या असतील तर बाजूला करा, प्लास्टरची खालची कड मातीपासून निदान चार इंच वर दिसली पाहिजे. बागेच्या स्प्रिंकलरचं तोंड भिंतीकडे असेल तर ते आजच फिरवा.

हे होतंय तोवर हातात लाकडी मूठ किंवा नाणं घेऊन भिंत ठोकत चला. चांगलं प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवा, सहा महिन्यांनी रेघेबाहेरही बद्द वाजायला लागलं तर दुरुस्ती पुढे ढकलू नका.

भेगांचं म्हणाल तर केसासारख्या बारीक भेगा चांगल्या लवचिक बाहेरच्या रंगाने झाकल्या जातात. एक-दीड मिलीमीटरच्या आसपासची भेग थोडी उघडून, साफ करून, अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरायचं, रंग बसतो असं. साधं सिलिकॉन नको, त्यावर रंग धरतच नाही. भेग तिरकी असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून निघत असेल आणि रुंद होत चालली असेल तर तो प्लास्टरचा प्रश्न नाही, इंजिनीअरला दाखवा.

तपकिरी डाग सगळ्यात वाईट. आतली सळई किंवा जाळी गंजतेय, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणून तो वरचं सगळं ढकलून टाकतो. वरून पुट्टी लावून डाग लपवला तर तो परत येतोच. सळईपर्यंत फोडायचं, सळईच्या मागेही जागा करायची, वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं, गंजरोधक प्रायमर लावायचं आणि मगच भरायचं. सळई बारीक झालेली दिसली तर परत इंजिनीअरच.

पॅच मारताना सुटलेलं सगळं काढा, कड सरळ आणि घट्ट प्लास्टरपर्यंत आणा, धूळ धुवा, भिंत ओली करा पण वर पाणी चमकायला नको. किनाऱ्यावरची वाळू कितीही छान दिसली तरी वापरायची नाही, त्यात मीठ आहे, आणि पाणीही गोडंच. गवंड्याला वाटतं सिमेंट जास्त टाकलं की मजबूत होईल, पण उलट सुकताना जास्त आकसतं आणि तडकतं. बाहेरच्या प्लास्टरला १ भाग सिमेंटला ४ ते ६ भाग वाळू पुरते. खोल खड्डा एका थरात भरू नका, पहिल्या थरावर ओरखडे मारून दुसरा चढवा. त्यानंतर निदान ७ दिवस पाणी मारा. वारा जोरात असेल तर ओलं गोणपाट टांगा, समुद्राचा वारा ओलं प्लास्टर तासाभरात सुकवतो आणि मग वर जाळीसारख्या भेगा येतात.

रंग मात्र घाईने देऊ नका. नवीन प्लास्टर फार अल्कलाईन असतं (हे मिठाचं नाही, सिमेंटमुळे), साधारण २८ दिवस द्या आणि अल्कली सहन करणारं प्रायमर लावा. जुनी भिंत सुकली का हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून दव धरलं तर थांबा. जाड रबरासारखा वॉटरप्रूफ रंग ओल्या भिंतीवर मारला की आतली वाफ कोंडते आणि फुगे येतात, मग लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात. भिंतीत ओल थोडी राहतेच असं वाटत असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा रंग घ्या, किंवा रंग न दिलेल्या प्लास्टरला सिलेन-सिलोक्सेनवालं पाणीरोधक लावा, ते छिद्रं बंद न करता पाणी झटकतं.

आणि शेवटी ते स्क्रू. पाईपचे क्लॅम्प, दिवे, नेमप्लेट, साध्या लोखंडी स्क्रूने बसवले की थोड्याच दिवसांत भिंतीवर गंजाचे ओघळ. ३१६ ग्रेडचं, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं, स्टेनलेस घ्या, भोकात आधी सीलंट भरा, मग स्क्रू फिरवा.