जपानी निसर्गचित्रांतली रेषा: या चुका टाळा

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत रेषा कोरलेली असते, असं बहुतेकांना वाटतं. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. कोरलेली असते ती रेषेभोवतीची जागा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. ते चेरीच्या फळीवर पालथं चिकटवत आणि कोरणारा कारागीर प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून मधली कड तेवढी उभी ठेवी; शाई लागे ती त्या कडेलाच. हे लक्षात ठेवून जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं शिन-ओहाशी पुलावरच्या सरीचं चित्र पुन्हा पाहा. पावसाची एकेक धार म्हणजे लाकडात शिल्लक राहिलेली केसाएवढी कड! शिवाय धारा दोन वेगळ्या ठशांवर, किंचित वेगळ्या तिरकसपणाने कोरल्या आहेत. तो पाऊस इतका दाट वाटतो तो त्यामुळेच. इतक्या वर्षांनीही मला या चित्रापुढून हलवत नाही.

घरी लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) ठसे कोरायचे प्रयोग करणारे नेमके इथेच फसतात. रेषेवरून कोरणी एकदाच फिरवली की छापल्यावर पाऊस पांढरा उमटतो. त्यापेक्षा रेषा दुहेरी आखा, मधली पट्टी शाईने रंगवा आणि बाहेरचं काढून टाका. सुरुवातीला पट्टी मिलिमीटरभर तरी रुंद असू द्या. काप बाहेरच्या बाजूला उतरता घ्या, म्हणजे रेषेला खाली रुंद पाया मिळतो. तो नसेल तर छापताना दाबाने कड ढासळते. आणि रेखाटन उलटं उतरवायला विसरू नका.

बाह्यरेषा काळीच हवी, हाही गैरसमज. चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेतल्या पहिल्या छत्तीस चित्रांच्या बाह्यरेषा निळ्या आहेत. नंतर वाढवलेल्या दहा चित्रांत त्या काळ्या झाल्या. याच मालिकेतल्या ‘मोठी लाट’ या चित्राची नक्कल काळ्या शाईत केली की पाणी जड, निर्जीव दिसतं, ते यामुळे.

प्रत्येक वस्तूला रेषेचं कुंपणही घालू नका. हिरोशिगेच्या तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरच्या मालिकेत शोनो या मुक्कामाच्या चित्रात पावसामागची झाडी नुसत्या करड्या छटांनी उभी आहे. तिला बाह्यरेषा दिली असती तर ती पुढे सरकली असती आणि सगळी खोली गेली असती.

रेषा मध्येच तुटलेली दिसली तर ती चित्रकाराची शैली समजू नका. शेकडो छाप काढून ठसा झिजतो. मोठ्या लाटेच्या उशिराच्या प्रतींत डावीकडच्या शीर्षकाच्या चौकटीची रेषा तुटलेली सापडते. म्हणून नक्कल करण्याआधी एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून पाहा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्या मोठ्या करून बघता येतात.