संगीत नाटकाचा सिनेमा करताय? या चुका टाळा

जोनाथन लार्सनचं 'रेंट' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 1996 ते 2008 या काळात 5,123 प्रयोग चाललं. पुलित्झर पुरस्कार मिळाला, रंगभूमीचा टोनी पुरस्कारही मिळाला. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये भाडं थकवून राहणारी, एड्सच्या सावटाखाली जगणारी तरुण कलावंत मंडळी, ही त्याची गोष्ट. 2005 मधल्या त्याच्या सिनेमाला मात्र तिकीटबारीवर खर्चही भरून काढता आला नाही. लार्सनच्याच 'टिक, टिक... बूम!' या संगीत नाटकावरचा 2021 मधला सिनेमा शेजारी ठेवला, की 'रेंट'चं कुठे बिनसलं ते कळतं.

मूळ नटसंच जवळजवळ तसाच घेणं

दिग्दर्शक ख्रिस कोलंबसने रंगमंचावरच्या आठ प्रमुख नटांपैकी सहा जण घेतले. निष्ठा म्हणून छानच. पण मधे जवळजवळ दहा वर्षं गेली होती आणि ही मंडळी पस्तिशीच्या आसपास पोचली होती. बाराव्या रांगेतून वय दिसत नाही, क्लोजअपमध्ये लपत नाही. पंचविशीतला पोरगा 'भाडं देत नाही, जा' म्हणाला तर बंड वाटतं; पस्तिशीतला म्हणाला, की घरमालकाचं म्हणणं पटायला लागतं!

दोन गाण्यांमधलं गाणं काढणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. नाटकात 'रेंट' जवळजवळ अखंड गायलं जातं. भांडणं, निरोप, फोनवरचे आईचे संदेशसुद्धा. सिनेमात यातलं बरंचसं साध्या संवादांत बदललं. 'हे जरा वास्तव वाटू दे' हा मोह समजण्यासारखा आहे. पण यमकं जागोजागी तशीच राहिली, आणि सूर नसलेलं यमक बोलताना नट अवघडलेला दिसतो. शिवाय बोलणारी माणसं मधेच गाऊ लागली, की प्रेक्षक दर वेळी दचकतो. अखंड गाणं जमणार नसेल, तर संवाद कोऱ्या कागदावर नव्याने लिहा. जुन्या ओळींतली चाल तेवढी खरवडून काढू नका.

गातंय कोण आणि का, हेही पटकथेतच ठरवा. दिग्दर्शक लिन-मॅन्युएल मिरांडाने 'टिक, टिक... बूम!'च्या सिनेमामध्ये हा प्रश्न मोठ्या हुशारीने सोडवलाय. नायक जॉन रंगमंचावर पियानोपाशी बसून आपलीच गोष्ट सांगतो आणि तिथून सिनेमा त्याच्या आयुष्यात ये-जा करतो. 'थेरपी' या गाण्यात तर जॉन आणि सहगायिका हसतखेळत जुगलबंदी करतात, आणि त्याच वेळी त्याच्या घरात प्रेयसीशी खरं, बिनसुराचं भांडण चालू असतं. प्रत्येक कटला गाणं जास्त विनोदी होतं आणि भांडण जास्त बोचतं. रंगमंचावर हे इतक्या झपाट्याने जमलं नसतं. आपल्याकडे 'कट्यार काळजात घुसली'च्या 2015 च्या सिनेमात ही अडचण फारशी आली नाही, कारण पात्रं मुळात गवईच आहेत.

काळ नको तितका पक्का करणं

नाटकातला नाताळ कोणत्या सालचा, हे मोघम होतं. सिनेमाने 24 डिसेंबर 1989 असं सांगून टाकलं, पण एका गाण्यात 'थेल्मा अँड लुईस'चा उल्लेख तसाच राहिला. तो सिनेमा 1991 चा! साल ठरवलंत की प्रत्येक ओळ तपासा.

टाळ्यांची जागा सोडणं

गाणं संपल्यावर नट क्षणभर थांबतो, कारण नाट्यगृहात टाळ्या येतात. सिनेमात तिथे नुसतं भोक पडतं. शेवटचा सूर पुढच्या दृश्यावर सांडू द्या.

हे सगळं करूनही पटकथा जुळतच नसेल, तर प्रयोगच नीट चित्रित करा. 'रेंट'चा ब्रॉडवेवरचा शेवटचा प्रयोग 2008 मध्ये असाच टिपून चित्रपटगृहांत दाखवला गेला. त्यात यमकं अडखळत नाहीत आणि टाळ्याही आपल्या जागी येतात. निर्मात्याने एकदा सिनेमाचे हक्क घेतले, की हा पर्याय सहसा कुणी काढत नाही. म्हणून तो पहिल्याच बैठकीत काढा.