सरसों का साग: सुटणारं पाणी आणि घशाशी येणारा झणका

ताटात साग वाढला की कडेला हिरवं पाणी सुटायचं आणि घशाशी मोहरीचा झणका उरायचा. साखर घातली, साय घातली. झणका तसाच, वर चव मिळमिळीत. शेवटी भुरभुरवलेलं मक्याचं पीठ कच्चं लागलं. नुसता वैताग!

जमलं ते असं. मोहरीचा पाला अर्धा किलो, पालक पाव किलो, चाकवत १०० ग्रॅम. जाड देठ सोलून घ्या, नाहीतर दोरे लागतात. पाला कच्चा वाटू नका. पानं चिरडली की तो तिखटपणा तयार होतो. एक वाटी पाणी मीठ घालून उकळा, चिरलेला पाला टाका. पहिली १० मिनिटं झाकण नको, उग्रपणा वाफेबरोबर जातो. मग झाकून मंद आचेवर ४० मिनिटं. पाणी निथळून बाजूला ठेवा आणि पाला गरम असतानाच रवीने घोटा (मिक्सरमध्ये पार लगदा होतो). आता २ मोठे चमचे मक्याचं पीठ थोडं थोडं पेरत घोटा, २० मिनिटं रटरटू द्या. पीठ इथेच शिजतं आणि पाणी धरून ठेवतं. फार घट्ट वाटलं तर निथळलेलं पाणी घाला, पण उकळून. तुपातली आलं-लसणाची फोडणी अगदी वाढताना.