दुसऱ्या राज्यात पिस्तूल घेऊन जाताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी फिलाडेल्फियाच्या आसपास राहणारी आम्ही बरीच मराठी मंडळी डेलावेअर नदी ओलांडून एडिसनच्या ओक ट्री रोडला जातो. भाजणी, पोहे, आकाशकंदील, मग कुठेतरी जेवण आणि संध्याकाळी घरी. या गर्दीत काही जणांकडे पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना असतो, आणि त्यातले काही रोज घराबाहेर पडताना ते कमरेला लावतात. सवयीने लावलेलं तेच पिस्तूल नदीच्या अलीकडे कायदेशीर असतं. पलीकडे न्यू जर्सीत तो ५ ते १० वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा ठरतो. पुलावर कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

मी नागरिकत्व मिळाल्यावर परवाना घेतला. तेव्हापासून ओळखीतले लोक प्रवासाआधी फोन करून विचारतात. त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुका इथे लिहिते आहे. मी वकील नाही. तुमची परिस्थिती जराही गुंतागुंतीची असेल, तर त्या राज्यातल्या वकिलाला गाठा.

परवान्याला गाडीच्या लायसन्ससारखं समजणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. गाडीचं लायसन्स पन्नास राज्यांत चालतं, लग्नाचा दाखला चालतो, मग हा परवाना का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण कन्सील्ड कॅरीचा, म्हणजे पिस्तूल कपड्याखाली लपवून बाळगण्याचा, परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं, आणि दुसऱ्या राज्याने तो मानायचा की नाही हे ते दुसरं राज्य ठरवतं. सगळीकडे मान्यता देणारं विधेयक २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. देशभर शस्त्र बाळगण्याची मुभा २००४ च्या कायद्याने मिळाली आहे ती सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना, तुम्हाआम्हाला नाही.

व्हर्जिनिया आणि ओहायो इतर राज्यांचे परवाने बहुतेक सरसकट मानतात. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स कुणाचाच मानत नाहीत. इलिनॉयचं निराळंच आहे. तुमच्या राज्याचा परवाना असेल, तर गाडीत असेपर्यंत पिस्तूल जवळ ठेवता येतं, पण ते घेऊन गाडीबाहेर पाऊल टाकता येत नाही.

मान्यता आहे असं दिसलं, तरी पुढची अट वाचा. मिशिगन आणि कोलोरॅडो फक्त रहिवाशांना दिलेला परवाना मानतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारे काही जण युटाचा अनिवासी परवाना काढतात आणि त्यावर देशभर फिरता येईल असं धरून चालतात. मिशिगनच्या दृष्टीने त्या परवान्याला अर्थ नाही, कारण तुम्ही युटात राहत नाही. काही राज्यांत वयाची २१ वर्षं पूर्ण असण्याचीही अट आहे.

फोनवरच्या ॲपमधला हिरवा-लाल नकाशा अंदाजापुरता ठीक. खरी माहिती त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या किंवा स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावर असते. मी निघण्याच्या आठवड्यात वाटेतल्या प्रत्येक राज्याचं पान उघडते आणि तारखेसह छापून गाडीत ठेवते. दर वर्षी काहीतरी बदललेलं असतं.

प्रामाणिकपणे सांगितलं की सुटू, हा भरवसा

२०१३ साली फिलाडेल्फियाची एक तरुण आई अटलांटिक सिटी एक्सप्रेसवेवरून जात होती. लेन बदलण्याच्या चुकीवरून पोलिसांनी थांबवलं. तिने आपणहून सांगितलं, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. आपण कायद्याने वागतोय असंच तिला वाटत होतं. तिला अटक झाली, काही आठवडे तुरुंगात काढावे लागले, आणि सक्तीच्या किमान शिक्षेची टांगती तलवार कित्येक महिने डोक्यावर राहिली. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली, तेव्हा ती सुटली. याच अटलांटिक सिटीत २०२२ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं. शेजारच्या राज्यांतून किती मराठी गाड्या त्या रस्त्याने गेल्या असतील याचा विचार केला, की मला आजही धस्स होतं.

तिने सांगितलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात पोलिसाने थांबवल्यावर आपणहून सांगणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. ओहायोत हा नियम २०२२ मध्ये बदलला आणि आता विचारल्यावर सांगावं लागतं. चूक त्याआधी घडली होती, घरून निघताना.

थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, आणि आधी परवान्याचं बोला, मग शस्त्र कुठे आहे ते. कागद काढायला हात खाली नेण्याआधी विचारा. मागे बसलेल्या मुलांनाही गप्प बसायची सवय आधीपासून लावलेली बरी.

१९८६ च्या कायद्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवणं

माहीतगार लोक इथे चुकतात, म्हणून यावर जरा थांबते. फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट हा १९८६ चा केंद्रीय कायदा प्रवाशाला कडक राज्यांतून पार होण्याची मुभा देतो. 'बंद करून डिकीत टाकलं की कुठेही नेता येतं,' हे वाक्य यातूनच आलं आहे, आणि ते धोकादायक आहे.

पहिली अट दोन टोकांची. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचणार तिथे, दोन्हीकडे ते पिस्तूल जवळ ठेवणं आणि बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. पेनसिल्व्हेनियातून व्हरमाँटला पानगळीचे रंग बघायला निघालात, तर मधलं न्यू यॉर्क पार करताना हा कायदा पाठीशी आहे, कारण व्हरमाँटमध्ये परवान्याचीच गरज नाही. त्याच गाडीतून, तसंच डिकीत बंद करून, तुम्ही नायगारा बघायला गेलात तर नाही. तुमचा मुक्कामच न्यू यॉर्कमध्ये आहे. एडिसनच्या खरेदीचंही तेच. अशा वेळी पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवणं हा एकच सरळ मार्ग आहे.

दुसरी अट ठेवण्याची. पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला येता कामा नयेत. सेडानची वेगळी डिकी असेल तर प्रश्न नाही. पण आपल्यातल्या बहुतेक घरांत सिएना, ओडिसी किंवा एसयूव्ही आहे, जिची मागची जागा बसण्याच्या जागेला जोडलेली असते. तिथे कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट किंवा दोन सीटमधला कप्पा चालत नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. त्याला कुलूप असलं तरी नाही. मी छोटी स्टीलची पेटी घेतली आहे, ती शेवटच्या सीटमागे सगळ्या बॅगांच्या खाली जाते. गोळ्या दुसऱ्या पेटीत.

तिसरी गोष्ट कायद्यात नीट लिहिलेलीच नाही. पार होणं म्हणजे किती वेळ? पेट्रोल भरणं, स्वच्छतागृह, सँडविच, इथवर सहसा कुणी हरकत घेत नाही. पण न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला मावशीकडे रात्र काढली तर ते पार होणं राहिलं का, हे तुम्हाला न्यायाधीशापुढे पटवावं लागेल. मुक्काम करायचाच असेल तर तो मान्यता असलेल्या राज्यात पडेल असा रस्ता आखा, दोन तास जास्त लागले तरी.

विमान चुकलं आणि बॅग हातात घेतली

२००५ मध्ये युटाचा एक प्रवासी न्यू जर्सीतल्या नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. त्याने पिस्तूल नियमाप्रमाणे जाहीर करून चेक-इन सामानात टाकलं होतं. नेवार्कला पुढची जोडणी चुकली. त्याने बॅग ताब्यात घेतली आणि रात्र हॉटेलात काढली. सकाळी काउंटरवर पुन्हा प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केलं आणि त्याला अटक झाली. चार दिवस तुरुंग. खटला पुढे मागे घेतला गेला, पण पिस्तूल परत मिळायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण हॉटेलच्या खोलीत बॅग त्याच्या हाताशी होती आणि १९८६ चा कायदा तिथे संपला.

त्याच निकालात न्यायालयाने वाटही सांगून ठेवली आहे. अडकलात तर सामान ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांशी किंवा कर्मचाऱ्यांशी बोला. म्हणून नेवार्क, जेएफके किंवा लाग्वार्डियाला विमान रद्द झालं आणि तुमच्या बॅगेत पिस्तूल आहे, तर ती बॅग पट्ट्यावरून उचलू नका. बॅग आमच्याकडे देऊ नका, पुढच्या विमानात टाका, अशी कंपनीला विनंती करा. टूथब्रश दुकानात मिळतो. खरं तर तिकीट काढतानाच या शहरांतली जोडणी टाळावी, शंभर डॉलर जास्त गेले तरी.

विमानाचे बाकी नियम सोपे आहेत. रिकामं पिस्तूल, कडक आवरणाची कुलूपबंद पेटी, फक्त चेक-इन सामानात, काउंटरवर जाहीर करून, किल्ली तुमच्याकडे. तरीही २०२३ मध्ये टीएसएला, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला, देशभरातल्या तपासणी नाक्यांवर हातातल्या सामानात ६,७३७ शस्त्रं सापडली, आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त भरलेली होती. यातले बरेच जण म्हणतात, 'बॅगेत आहे हे विसरलोच.' ते खरंही असेल, पण हजारो डॉलरचा दंड आणि प्रीचेकची, म्हणजे झटपट तपासणीची, सोय गमावणं त्याने टळत नाही.

गाडीत कोण बसलं आहे, हे न बघणं

आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला पिस्तूल किंवा गोळी ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांसाठी वगैरे अपवाद आहेत, पण भारतातून महिनाभरासाठी आलेल्या सासऱ्यांकडे तो नसतो. आणि ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. शस्त्र कुठे आहे हे माहीत असणं आणि तिथवर पोचता येणं, यावरही ताबा ठरू शकतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही व्हर्जिनियाला निघालो होतो. मेरीलँडमधल्या विश्रांतिस्थळावर मी आणि नवरा मुलांना घेऊन आत गेलो. सासरे म्हणाले, मी बसतो गाडीत, तुम्ही या. मी गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. पेटीची किल्ली त्याच जुडग्यात होती, आणि पेटी कुठे आहे हे त्यांनी सकाळी सामान भरताना पाहिलं होतं. आत रांगेत उभी असताना ते डोक्यात चमकलं आणि मी धावत परत आले. काही झालं नाही. पण सत्तरीच्या माणसाला माझ्या निष्काळजीपणामुळे काय सोसावं लागलं असतं, हे आठवलं की अजून हातपाय गार पडतात. तेव्हापासून पेटीची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते, आणि पाहुणे सोबत असले तर पिस्तूल घरीच राहतं.

ग्रीन कार्डवाल्यांना पिस्तूल ठेवता येतं, परवानाही मिळतो. पण परक्या राज्यात त्यांचा धोका नागरिकापेक्षा मोठा आहे. शस्त्राच्या गुन्ह्यात, मग तो राज्याच्या कायद्याखालचा का असेना, दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण आहे. वीस वर्षं इथे राहिलात, घर घेतलंत, मुलं इथे जन्मली, याने ते कलम बदलत नाही. म्हणून सरकारी वकिलाने 'गुन्हा कबूल करा, तुरुंगवास नाही' असा प्रस्ताव पुढे केला, तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

राज्य ठीक, जागा चुकीची

परवाना चालत असला तरी राज्याच्या आत वेगळ्या रेषा असतात. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा लागतो, पण आतलं व्हिजिटर सेंटर ही केंद्र सरकारची इमारत आहे आणि तिथे शस्त्र नेता येत नाही. मॉन्युमेंट व्हॅली किंवा अँटिलोप कॅन्यनला जाताना तुम्ही नवाहो नेशनच्या हद्दीत शिरता. तिथे त्यांचा स्वतःचा कायदा आहे, ॲरिझोनाचा परवाना पुरेल असं धरू नका. टेक्सासमध्ये पिस्तूल आत आणू नका असं सांगणाऱ्या दोन पाट्यांना कायद्याचं बळ आहे: दारावरची ३०.०६ क्रमांकाची इंग्रजी-स्पॅनिश पाटी आणि बारमधली लाल ५१ टक्क्यांची पाटी. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनमध्ये (पिस्तुलात गोळ्या भरण्याच्या खोबणीत) १० पेक्षा जास्त गोळ्या मावता कामा नयेत, कोलोरॅडोत १५. न्यू जर्सीत टोकाशी पोकळ असलेल्या हॉलो पॉइंट गोळ्यांवर वेगळे निर्बंध आहेत.

शाळांचा केंद्रीय कायदा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. शाळेच्या १,००० फुटांत पिस्तूल बाळगण्याची सूट ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्याला आहे, असं कायद्याचे शब्द सांगतात. ओहायो तुमचा पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानतं, पण ओहायोने तो दिलेला नाही. परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा असलेल्या राज्यातही नुसत्या मुभेने ही सूट मिळत नाही. रिकामं करून कुलूपबंद पेटीत ठेवलेलं चालतं. गावातून जाणारा रस्ता शाळेजवळून न जाता पार होणं जवळपास अशक्य, म्हणून परक्या राज्यात मी हायवे सोडण्याआधीच पेटी बंद करते.

नायगाराला किंवा डेट्रॉइटला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या पुलाच्या लेनमध्ये चुकून शिरलात तर थेट कॅनडाच्या चौकीवर पोचता, आणि तिथे अमेरिकेतला कुठलाच परवाना चालत नाही. जीपीएसवर विसंबून राहू नका, पाट्या वाचा.

रेंजची बॅगच मुंबईला नेणं

नेमबाजीच्या सरावाला नेलेली पाठीवरची बॅग नंतर मुलांच्या शाळेला, ऑफिसला आणि सुट्टीत भारताला जाते. बाजूच्या कप्प्यात अस्तराखाली एखादं काडतूस घरंगळलेलं असतं. इथल्या तपासणीत ते सुटलं आणि मुंबईहून परतताना क्ष-किरण यंत्रात दिसलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता हे दाखवता आलं तर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, रजा संपलेली असते आणि व्हिसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात अटकेबद्दल लिहावं लागतं. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवा, भडक रंगाची, आणि तिच्यात दुसरं काहीही भरू नका. आमची केशरी आहे, गॅरेजमध्ये टांगलेली असते, आणि घरातल्या आठ वर्षांच्या मुलीलाही माहीत आहे की ती बॅग प्रवासाला जात नाही.