आर्किऑलॉजीला ॲडमिशन घेतलीय? मग अभ्यास असा करा
पहिल्या वर्षापासूनच सवय लावा, दिसतंय ते आधी लिहायचं, अर्थ नंतर लावायचा. ट्रेंचच्या (उत्खननासाठी खणलेल्या चराच्या) भिंतीकडे नीट बघा, वर काळसर भुसभुशीत माती, खाली पिवळट घट्ट, मध्येच राखेचा पातळ पट्टा, प्रत्येक थराला वेगळा नंबर द्या, रंग मन्सेल चार्टवरून, म्हणजे मातीच्या रंगांच्या नमुन्यांच्या तक्त्यावरून ठरवा (माती ओली की सुकी तेही लिहा, रंग बदलतो), आणि कुठलं खापर कुठल्या थरातलं ते तिथल्या तिथे पिशवीवर लिहा, कारण एकदा खणलेला थर परत खणता येत नाही.

सायन्सला अजिबात घाबरू नका. जुन्या वस्तूचं वय काढायला वापरतात तो किरणोत्सर्गी कार्बन-१४ साधारण ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, ५०,००० वर्षांच्या पलीकडे मोजण्याइतका उरतच नाही, आणि त्यासाठी कोळसा, हाड, बी असं एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, दगडी हत्यार चालत नाही.

सुट्टीत फील्ड स्कूल (प्रत्यक्ष उत्खननाच्या जागी होणारं प्रशिक्षण) कराच, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. जीआयएस (संगणकावर नकाशात माहिती मांडायची पद्धत) आणि थोडं स्टॅटिस्टिक्सही शिकून घ्या. आणि खापरं धुवायचं काम कंटाळवाणं म्हणून टाळू नका, काठ, बूड, झिलई ओळखायला नजर त्यातच तयार होते.