घरात ऑटिस्टिक भाऊ-बहीण असेल तर या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, "हा मुद्दाम करतोय" असं धरून चालणं. घरातली बरीचशी भांडणं इथूनच पेटतात. हट्ट आणि मेल्टडाऊन बाहेरून सारखेच दिसतात पण आतून अजिबात सारखे नसतात, हट्टात काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की रडणं थांबतं, मेल्टडाऊनमध्ये हवी ती वस्तू हातात दिली तरी थांबत नाही कारण डोक्यात इतकं साठलेलं असतं की आता कंट्रोलच उरलेला नसतो. अशा वेळी समजावू नका, ओरडू नका, "काय झालं सांग ना" म्हणून मागेही लागू नका. टीव्ही बंद करा, लाईट कमी करा, बाकीच्यांना खोलीबाहेर काढा, लागण्यासारख्या वस्तू बाजूला सरकवा आणि शांत बसा. शांत झाल्यावर लगेच चौकशी सुरू करू नका, त्यानंतर माणूस पार थकलेला असतो, कधी कधी पुढचा अख्खा दिवस. आणि काही जण ओरडत नाहीत, एकदम गप्पच होतात, उत्तरच देत नाहीत. त्याला शटडाऊन म्हणतात, तो रुसवा नाही.

खरं कारण शोधायचं असेल तर भांडणाच्या आधीचा अर्धा-एक तास आठवून बघा. समजा बहीण शाळेतून आली, दिवसभर तिथे सगळ्यांसारखं वागायचा प्रयत्न करून दमलीये, घरात ट्यूबलाईट फडफडतेय, तुम्ही शेजारी हेअर ड्रायर लावलाय, आई होमवर्क विचारतेय, आणि तेवढ्यात तुम्ही फक्त "माझा चार्जर कुठाय" म्हणता आणि स्फोट होतो. तो चार्जरमुळे नाही झाला. आवाज, उजेड, वास, कपड्याचा टॅग हे खरंच त्रास देतं, नखरे नाहीत ते. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, ही संवेदनांची गोष्ट ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच घेतली गेली. म्हणून घरी आल्यावर पहिला काही वेळ कोणी काही विचारायचं नाही एवढा एक नियम करून बघा, खूप फरक पडतो.

दुसरी चूक बोलण्यातली, आपले शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे घेतले जातात. "पाच मिनिटांत आलो" म्हणालात तर पाच मिनिटांनीच जायचं, नाहीतर "हा एपिसोड संपला की येतो" असं सांगा. "वा, छान पसारा केलायस" असले टोमणे बऱ्याचदा कौतुक म्हणूनच घेतले जातात आणि मग तुम्ही अजून चिडता. एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि थांबा, मनातल्या मनात दहा आकडे मोजा, कारण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारला की त्यांना बरेचदा पहिल्यापासून सगळं प्रोसेस करावं लागतं. आपल्याला वाटतं ऐकतच नाहीये.

हात हलवणं, गोल फिरणं, तेच वाक्य परत परत म्हणणं थांबवू नका, कोणाला लागत नसेल तर करू दे, त्याने त्यांना बरं वाटतं. "माझ्याकडे बघून बोल" पण नको. प्लॅन बदलला तर शक्य तितका आधी सांगा, जमलं तर लिहून किंवा चित्र काढून दारावर लावा.

त्याला आपली काही पडलेली नाही असं वाटतं ना, तेही तपासून बघा. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने 2012 मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं, फक्त ऑटिस्टिक माणसालाच दुसऱ्याचं कळत नाही असं नाही. मला हे अगदी पटतं. भाऊ तासभर ट्रेनच्या इंजिनांबद्दल बोलतोय तर ती त्याची जवळीक आहे, शेजारी बसून थोडं ऐका, एखादा प्रश्न विचारा. समोरासमोर गप्पांपेक्षा शेजारी बसून आपापलं काम करणं बऱ्याच जणांना सोपं जातं.

आता तुमच्याबद्दल. "तूच समजून घे" हे रोज ऐकून राग येणं चुकीचं नाहीये, आणि तो गिळून टाकणं हीसुद्धा चूकच आहे. ऑटिझम आहे म्हणून मारलेलं चालतं असं अजिबात नाही, अंगावर आलं तर दुसऱ्या खोलीत जा, मोठ्यांना बोलवा. स्वतःसाठी कुलूप लागेल असा एक ड्रॉवर मागा, ज्यात तुमच्या वस्तू सेफ राहतील. आई-बाबांकडे आठवड्यातला एक ठराविक वेळ फक्त तुमच्यासाठी मागा, आणि हे सगळं भांडण चालू असताना नको, शांत वेळी बोला.

आणि एक गोष्ट हमखास राहते. वागणं अचानक बदललं, डोकं आपटणं, कान धरणं, जेवण सोडणं असं नव्याने सुरू झालं तर ते वागण्याचा प्रॉब्लेम म्हणून सोडून देऊ नका, दात, कान, पोट दुखत असू शकतं आणि सगळ्यांनाच ते सांगता येतं असं नाही. बोलत असेल तरी "कुठे दुखतंय" याचं उत्तर येईलच असं नाही, शरीराचं चित्र काढून बोट ठेवायला सांगा, आणि उत्तर नाही आलं तरी डॉक्टरकडे न्याच.